सांगावा आणि साक्ष : शंकरराव खरातांच्या गद्याची घडण

शंकरराव खरात यांच्या लेखनासंबंधी मराठी समीक्षेत एक आक्षेप पुनःपुन्हा घेतला जातो. त्यांच्याजवळ अनुभव विपुल आहे, परंतु त्या अनुभवाला कलारूप देणारी भाषा नाही. त्यांचे गद्य वार्ताहराच्या वृत्तांतासारखे किंवा वकिलाच्या टिपणासारखे कोरडे आहे, असा त्या आक्षेपाचा आशय असतो. आक्षेपातील निरीक्षण बरेचसे खरे आहे. प्रश्न आहे तो त्या निरीक्षणावरून काढलेल्या निष्कर्षाचा. ज्या लेखकाने आयुष्याची उमेदीची वर्षे न्यायालयात, वृत्तपत्राच्या कचेरीत आणि पक्षाच्या सभांमध्ये घालविली, त्याच्या गद्यात या तिन्ही ठिकाणांची भाषा आढळावी हे स्वाभाविकच होय. परंतु तेवढ्याने ती भाषा उणी ठरते काय? की आत्मकथनाची आणि कथेची भाषा कशी असावी याविषयी समीक्षकांच्या मनात आधीपासून जो नमुना ठरून गेला आहे, त्यात ती बसत नाही एवढाच याचा अर्थ?

खरातांचा जन्म ११ जुलै १९२१ रोजी आटपाडी येथे झाला. आटपाडी त्या वेळी औंध संस्थानात होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. माणदेश हा पर्जन्यछायेचा प्रदेश. दुष्काळ येथे पाहुणा नसून घरचाच. या गावी महार कुटुंबांकडे पाळीपाळीने येणारे तराळकीचे काम खरातांच्या वडिलांकडे होते. मुलगा आटपाडी, औंध आणि पुणे येथे शिकला, एम्.ए., एल्‌एल्.बी. झाला, पुण्यात वकिली करू लागला. आंबेडकरी चळवळीत त्याने काम केले, डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर काही वर्षे 'प्रबुद्ध भारत' या पत्राचे संपादन केले, रिपब्लिकन पक्षात जबाबदारीची पदे सांभाळली. पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ९ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. चरित्राचा हा आराखडा येथे इतकाच पुरे; कारण खरातांच्या बाबतीत पदांची यादी वाचकाला नेहमीच चुकीच्या दिशेने नेते.

वकील, पत्रकार आणि राजकारणी या तीन भूमिका एका व्यक्तीत एकत्र येणे हे काही अपूर्व नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे सरकणाऱ्या सीमाप्रदेशात असे पुरुष पुष्कळ होऊन गेले. वस्ती नवी, कायदा नवा, मतदार नवा. तेव्हा ज्याला लिहिता-बोलता येई त्याला तिन्ही कामे करावी लागत. इलिनॉयमध्ये वकिली करणाऱ्या लिंकनने १८५९ साली एक जर्मन भाषेतील वृत्तपत्र विकत घेतले होते, ते राजकारणासाठीच. महाराष्ट्रात टिळकांनी कायद्याची पदवी घेऊन पत्र चालविले. आंबेडकर बॅरिस्टर, संपादक आणि राजकीय नेते असे तिन्ही होते. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही त्यांच्या पत्रांची परंपरा. तिच्या आरंभीच 'मूक' हा शब्द आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. खरातांचा सीमाप्रदेश मात्र नव्याने वसलेला नव्हता. गावकुसाबाहेरचा तो प्रदेश शतकानुशतके वसलेला होता आणि तेथे कायदा पोहोचे तो हुकुमाच्या रूपाने. हा हुकूम तेथवर पोहोचविण्याचे काम ज्याच्याकडे असे, तो तराळ.

तराळ कोण? त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथापासून पुढे गावच्या सेवकवर्गाची वर्णने मराठीत अनेक झाली आहेत. त्यात तराळाची कामे नोंदलेली असतात : आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई करणे, टपाल व निरोप पुढच्या गावी पोहोचविणे, चावडीवर माणसे बोलावून आणणे, दवंडी देणे. समाजशास्त्राच्या दृष्टीने ही वेठ होय. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या यादीतील बहुतेक कामे बोलण्याची आहेत, हे चटकन लक्षात येते. तराळ हा गावाचा आवाज आहे. पाटलाचा शब्द, मामलेदाराचा हुकूम, मयताची खबर, हे सारे त्याच्या कंठातून बाहेर पडते. मात्र यातील एकही शब्द त्याचा स्वतःचा नसतो. दवंडी देणाऱ्याला दवंडीच्या आशयाशी सहमत असण्याची मुभा नाही आणि असहमत असण्याचीही नाही. त्याच्या स्वतःच्या बोलण्याला गावात जी जागा होती ती 'जोहार मायबाप' एवढ्या अभिवादनापुरती. गाव त्याला हाक मारी ती नावाला '-या' हा प्रत्यय जोडून, एकेरीत, त्याचे वय काहीही असले तरी. मराठीत या प्रत्ययाला लाडाचाही अर्थ आहे आणि तुच्छतेचाही. कोणता घ्यावयाचा हे बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या जातीवरून ठरत असे.

आता खरातांच्या पुस्तकांची नावे एकापुढे एक ठेवून पाहावीत. 'सांगावा', 'दौंडी', 'माणुसकीची हाक', 'टिटवीचा फेरा'. निरोप, जाहीर पुकारा, हाक, आणि रात्री ओरडून अशुभ सुचविणारा पक्षी. एखाद्या लेखकाच्या शीर्षकांमध्ये वाक्‌-व्यवहाराची इतकी नावे यावीत हा योगायोग मानणे कठीण आहे. लेखकाने हे जाणून केले असेल किंवा नसेल. परंतु ज्या घरात बापाचा व्यवसाय दुसऱ्याचे बोलणे वाहून नेण्याचा होता, त्या घरातील मुलाच्या कल्पनाशक्तीला बोलण्याचे हेच प्रकार प्रथम सुचावेत, यात नवल नाही. 'दौंडी' या शीर्षकाचे वर्णरूपही पाहण्याजोगे आहे. प्रमाण मराठीत शब्द 'दवंडी' असा लिहिला जातो. बोलीत '-अव-' चा संकोच होऊन 'औ' होतो. दवंडी देणाऱ्यांच्या तोंडचे रूप मुखपृष्ठावर जसेच्या तसे ठेवणे ही निवड लहान दिसते, पण शब्दाची मालकी कोणाची हे ती ठरवून टाकते.

तराळकी सोडून वकिलीकडे जाणे म्हणजे मुक्याने बोलके होणे, असे सोपे चित्र काढले जाते. शब्दाचा इतिहास थोडा वेगळा आहे. 'वकील' हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी पाठविलेला प्रतिनिधी, धन्याचे म्हणणे दुसऱ्यापुढे मांडणारा. न्यायालयातील कायदेपंडित हा अर्थ त्यानंतरचा. म्हणजे वकीलही सांगावाच नेतो. संपादक चळवळीचे म्हणणे मांडतो, पक्षाचा पदाधिकारी पक्षाचे. खरातांनी आंबेडकरांची पत्रे संपादित केली, त्यांच्या धर्मांतरावर ग्रंथ लिहिला. तेथेही पुढे आहे तो दुसऱ्याचा शब्द. बाप आणि मुलगा यांच्या व्यवसायांत दिसते तितके अंतर नाही. अंतर आहे ते एकाच ठिकाणी, आणि ते निर्णायक आहे : वकिलाला वकीलपत्र नाकारता येते. कोणाचे बोलणे वाहावयाचे हे तो स्वतः ठरवितो. खरातांच्या कथांतील अशिलांची, म्हणजे पात्रांची, निवड या अधिकारातून झालेली आहे. रामोशी, मांग, महार, डोंबारी, भटके, हातभट्टीवाले, फुटपाथवर राहणारे. ज्यांची बाजू मांडण्यास कोणी उभे राहत नसे अशांचीच वकीलपत्रे त्यांनी घेतली.

'तडीपार' या संग्रहाच्या नावातच कायद्याची एक शिक्षा आहे. एखाद्याला हद्दीबाहेर घालवून देणे, हा त्या शब्दाचा अर्थ. न्यायालयीन मराठीत असे शब्द पुष्कळ आहेत : फिर्याद, जबानी, मुचलका, मुद्देमाल, हजेरी, पंचनामा. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांची हकालपट्टी करण्याचा प्रयत्न केला असला तरी पोलीस चौकीत आणि न्यायालयात ते ठाण मांडून राहिले. सुशिक्षित वाचकाला हे शब्द कचेरीतले वाटतात. ज्यांच्याविषयी खरात लिहितात त्यांच्यासाठी मात्र ते घरगुती शब्द आहेत. १८७१ साली प्रथम उत्तर हिंदुस्थानासाठी केलेला आणि १९११ च्या अधिनियमाने इतर प्रांतांना लागू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा ज्या जमातींवर लादला गेला, त्यांच्या मुलांना 'हजेरी' हा शब्द शाळेच्या आधी पोलीस पाटलाच्या दारात भेटला. ३१ ऑगस्ट १९५२ पासून हा कायदा देशभर रद्द होऊन या जमाती 'विमुक्त' ठरल्या; पण शब्द मागे राहिला आणि त्याच्याबरोबर संशयही. या प्रश्नावर खरातांनी कथांखेरीज स्वतंत्र लेखनही केले. त्यांच्या कथेत 'मुद्देमाल' हा शब्द येतो तेव्हा तो वकिलाच्या सवयीने आला की पात्राच्या अनुभवातून, हे वेगळे काढता येत नाही. कोरडेपणाचा आक्षेप घेणाऱ्यांनी या मिश्रणाकडे पाहिलेले नाही.

येथे आटपाडीच्याच परिसरातील एका प्रयोगाची आठवण होते. औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. शिक्षा झालेल्या कैद्यांनी भिंतीविना, शब्दावर राहावे, शेती करावी, अशी तिची कल्पना. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागे ही वसाहत होती. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसावर विश्वास टाकणारी ही व्यवस्था आणि जन्मतःच माणसाला गुन्हेगार ठरविणारा तो कायदा, या दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या. पहिलीवर लोकप्रिय चित्रपट निघाला आणि तो योग्यच होता. दुसरीची नोंद मराठी कथेत घेणाऱ्यांत खरात आरंभीचे.

खरातांच्या गद्याची खरी कसोटी 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मकथनातील विहिरीच्या प्रसंगात लागते. विहिरीत प्रेत तरंगते आहे. वडिलांची तराळकीची पाळी आहे. काठावर पोलीस आहेत, आणि प्रेत बाहेर काढण्यासाठी विहिरीत उतरण्याचा हुकूम तराळाला होतो. मुलगा हे काठावरून पाहतो. या प्रसंगाचे भाषांतर इंग्रजीतही झाले असून दलित साहित्याच्या संकलनांमुळे तो मराठीबाहेरच्या वाचकांनाही परिचित आहे.

असा प्रसंग दोन प्रकारे लिहिता येतो. भावनेच्या भाषेत लिहिणे सर्वात सोपे. दुसरा प्रकार म्हणजे पंचनाम्याची भाषा. पोलिसी मराठीची वाक्यरचना कर्त्याला लपविणारी असते : प्रेत 'मिळून आले', ते बाहेर 'काढण्यात आले', पंचनामा 'करण्यात आला'. कोणी काढले? व्याकरणाला त्याची गरज नाही आणि कागदावर तशी जागाही नाही. पंचांची नावे असतात, अंमलदाराचे असते, मयताचे असते. ज्याने पाण्यात उडी घेतली त्याचे नसते. खरातांनी येथे पंचनाम्याचा तपशील ठेवला आणि त्याचे व्याकरण उलटविले. स्थळ, माणसे, घटनांचा क्रम, कोण काय म्हणाले, हे सारे साक्षीदाराच्या काटेकोरपणाने येते. परंतु प्रत्येक क्रियेला कर्ता आहे. हुकूम कोणी दिला हे कळते, उतरले कोण हेही कळते. वाक्ये आखूड आहेत, एका वाक्यात बहुधा एकच क्रिया. एरवी पाणवठ्याला शिवण्याची ज्याला बंदी, त्याच्यावर विहिरीत उतरण्याची सक्ती व्हावी, या विपरीततेवर भाष्य करण्याचा मोह एखाद्या अधिक 'कलावंत' लेखकाला आवरला नसता. साक्षीदाराने मत सांगावयाचे नसते, पाहिले ते सांगावयाचे असते, ही वकिलाची शिस्त येथे लेखकाच्या कामी आली आहे. जो कागद त्या दिवशी लिहिला गेला त्यात नसलेले नाव सुमारे अर्धशतकानंतर मुलाने भरले. या प्रसंगाला पुरवणी-जबाब म्हणणे अधिक सार्थ होईल. त्याला नुसती आठवण म्हणून भागत नाही.

माणदेशाचा दुसरा मोठा लेखक व्यंकटेश माडगूळकर. 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) यांनी या मुलखाला मराठी वाङ्‌मयात कायमचे स्थान दिले. खरातांशी त्यांची तुलना करताना बहुधा कलागुणांची तुलना होते आणि तिचा निकाल आधीच ठरलेला असतो. माडगूळकर श्रेष्ठ शैलीकार आहेत यात वाद नाही. तथापि दोघांच्या निवेदकाची जागा कोणती, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. 'बनगरवाडी'चा निवेदक संस्थानने नेमलेला तरुण मास्तर आहे. तो वाडीत बाहेरून येतो, पाहतो, रमतो, आणि शेवटी जातो. त्याच्या नजरेला आश्चर्याची मुभा आहे, कारण धनगरांचे जीवन त्याला नवे आहे. खरातांच्या निवेदकाला आश्चर्य परवडत नाही. तो जे पाहतो आहे ते त्याच्या घरचे आहे; त्यात नवे काहीच नाही, फक्त ते सांगितले गेलेले नाही. माणदेशाचे निसर्गचित्र माडगूळकरांपाशी जितके सापडते तितके खरातांपाशी सापडत नाही, याचेही कारण येथेच शोधावे. माळरान त्यांच्या लेखी हेलपाट्याचे अंतर आहे.

इतके मान्य केल्यावर खरातांच्या मर्यादांकडेही वळले पाहिजे. 'तराळ-अंतराळ'चा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या तोडीचा नाही. आटपाडी मागे पडते, सार्वजनिक जीवन सुरू होते, आणि साक्षीदाराची जागा हळूहळू अहवाल-लेखक घेतो. सभा, पदे, नियुक्त्या, भेटी यांची नोंद होते. त्यांच्या आतला माणूस मात्र दिसेनासा होतो. पूर्वार्धात ज्या क्रियांना कर्ता होता, त्या येथे पुन्हा 'करण्यात आल्या'कडे झुकू लागतात. ज्या व्याकरणाविरुद्ध लेखकाने विहिरीच्या काठावर झुंज दिली तेच त्याला प्रतिष्ठितांच्या सभागृहात गाठते. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) किंवा लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) या पुस्तकांशी ताडून पाहता हा फरक विशेष जाणवतो. पवार शहरात पोहोचल्यावरही स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. आपली लाज, आपली माघार यांची उलटतपासणी घेतात. खरात दुसऱ्यांचे उत्तम वकील आहेत, स्वतःची उलटतपासणी ते क्वचित घेतात. पिढीचा फरक येथे असू शकेल. ज्या पिढीने पहिल्यांदा पदवी घेतली, पहिल्यांदा काळा झगा घातला, तिला आपले यश संशयास्पद ठरविणे म्हणजे विरोधकाच्या हाती पुरावा देणे वाटले असावे. हे कारण समजण्याजोगे आहे. पण त्याने वाङ्‌मयीन हानी भरून येत नाही.

कथांच्या बाबतीतही असेच काहीसे आहे. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणभाषेत, ही ग्रामीण कथेतून आलेली विभागणी खरातांनी बहुतांशी स्वीकारली. जेथे दोन्ही भाषा एकमेकींत मिसळतात तेथे कथा जिवंत होते. जेथे निवेदक मागे सरून शेवटी सुधारणेचा संदेश देतो, तेथे तो दवंडी देणाऱ्याच्या जुन्या भूमिकेत परत जातो. फक्त हुकूम बदललेला असतो. बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहात निवेदनाची भाषाच संतापाने पेटलेली आहे. खरातांनी ती वाट घेतली नाही. त्यांचा स्वभाव अर्जाचा आणि पुराव्याचा होता, आणि या स्वभावाला आपल्या समीक्षेत अद्याप नीट नाव मिळालेले नाही.

राहता राहिला आत्मकथनाच्या शीर्षकाचा प्रश्न. तराळाच्या मुलाने आकाशाला गवसणी घातली, असा त्याचा अर्थ सर्रास लावला जातो, आणि कुलगुरुपदाच्या उल्लेखाने तो पक्काही केला जातो. गौरवसमारंभांना हा अर्थ सोयीचा आहे. परंतु मराठीत 'अंतराळ' या शब्दाची दुसरीही एक छटा आहे. 'अंतराळी राहणे', 'अंतराळी लोंबकळणे' म्हणजे पायाखाली जमीन नसणे, वर आधार नसणे. गावाची पाळी सुटली, वतनही गेले. मुंबई राज्यातील कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडून सुरू केलेल्या लढ्याचे फळ पदरात पडले. या कायद्याच्या पुढच्याच वर्षी 'बारा बलुतेदार' हा खरातांचा कथासंग्रह निघाला. सुटलेल्या माणसाने मग उभे कोठे राहावयाचे? गाव त्याला आपला म्हणत नाही. शहर जागा देते, पण आडनाव आणि गाव विचारून. तराळ आणि अंतराळ या दोन शब्दांमध्ये लेखकाने संयोगचिन्ह घातले आहे. 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन टप्पे तेथे त्याने लिहिलेले नाहीत. ध्वनीच्या दृष्टीने दुसरा शब्द पहिल्याला पोटात घेऊन येतो : 'अंतराळ' उच्चारताना 'तराळ' पुन्हा ऐकू येतो. पूर्वार्ध वाचून झाल्यावर वाचकाला शीर्षकातील हा प्रतिध्वनी ऐकू येतो आणि उत्तरार्धात तो लेखकालाच ऐकू येत नाही की काय, अशी शंका येत राहते.

तराळकी संपली तसा तराळ हा शब्दही बोलण्यातून गेला. माणदेशातील आजच्या विद्यार्थ्यांनाही तो शब्दकोशात शोधावा लागतो, आणि बहुतेकांना तो प्रथम भेटतो तो या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, खरातांच्या नावासह.